रायगड पडला, जिंजी उभी राहिली

चेन्नईहून तिंडिवनममार्गे तिरुवण्णामलैकडे निघालं की वाटेत सपाट भातशेतीतून एकाएकी दगडांचे डोंगर वर येतात. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना ते परके वाटतात. इथे थराथरांचे काळे कडे नाहीत, रानानं भरलेल्या घळी नाहीत. आहेत त्या ग्रॅनाइटच्या घराएवढ्या शिळा, कुणी मुद्दाम रचून ठेवल्यासारख्या, आणि त्यांच्या फटींतून वाढलेली काटेरी झुडपं. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग या तीन टेकड्यांना एका लांबलचक तटानं त्रिकोणात बांधलं आणि जिंजीचा किल्ला झाला. तमिळ लोक त्याला सेंजी म्हणतात. जुन्या मराठी कागदांत तो ‘चंदी’ या नावानं येतो.

रायगड, राजगड, प्रतापगड आपल्याला पाठ असतात. पण १६८९ च्या अखेरीपासून १६९७ च्या अखेरीपर्यंत, तब्बल आठ वर्षं, मराठ्यांचा छत्रपती सह्याद्रीत नव्हता. तो या तमिळ मुलखातल्या टेकडीवर होता. मराठी राज्याच्या आयुष्यातला सर्वांत बिकट काळ इथे निभावला गेला. शाळेच्या पुस्तकात ही आठ वर्षं चारदोन ओळींत संपतात आणि म्हणून औरंगजेब दक्षिणेत येऊनही का हरला, याचं उत्तरही अर्धवटच राहतं. त्या उत्तराचा मोठा भाग जिंजीच्या तटावर आहे.

किल्ला अर्थात मराठ्यांनी बांधलेला नाही. डोंगरावर पहिली तटबंदी बाराव्या शतकाच्या सुमारास कोन नावाच्या स्थानिक घराण्यानं घातली, असं परंपरा सांगते. पुढे विजयनगरच्या छत्राखाली जिंजीचे नायक आले. आज जे भव्य म्हणून डोळ्यांत भरतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या काळातलं आहे: खालच्या कोटातला कल्याण महाल, धान्याची अजस्र कोठारं, वेंकटरमण मंदिर. सतराव्या शतकाच्या मध्याला विजापूरच्या आदिलशाहीनं जिंजी जिंकली आणि तिथे आपला किल्लेदार बसवला.

या किल्ल्याशी मराठ्यांचा संबंध जुळतो १६७७ मध्ये. राज्याभिषेकाला तीन वर्षं होत आली होती. उत्तरेतून मोगल कधी तरी पूर्ण ताकदीनिशी उतरणार, हे शिवाजी महाराजांना स्वच्छ दिसत होतं. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी करार करून महाराज भागानगरहून, म्हणजे हैदराबादहून, दक्षिणेला निघाले, श्रीशैलाचं दर्शन घेतलं आणि उन्हाळ्यात जिंजीसमोर येऊन ठाकले. विजापूरचा किल्लेदार नासिर मुहम्मद खान यानं जहागीर आणि रकमेच्या बोलीवर किल्ला हवाली केला. वेलूरचा भुईकोट मात्र चिवट निघाला. त्याला वेढा घालून महाराज पुढे गेले आणि तो दुसऱ्या वर्षी, १६७८ मध्ये, मराठ्यांच्या हाती आला.

जिंजी घेऊन महाराज थांबले नाहीत, त्यांनी ती जवळजवळ नव्यानं उभारली. त्या भागात काम करणाऱ्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत याची नोंद आहे. शिवाजीनं जुने कच्चे भाग पाडले, नवे तट उभे केले, रुंद खंदक खणले, बुरूज चढवले आणि हे सगळं युरोपातल्या कुशल माणसांनाही नवल वाटावं इतक्या सफाईनं केलं, असं ती पत्रं सांगतात. ती लिहिणारे पाद्री मराठ्यांचे स्तुतिपाठक नव्हते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे. आजही खालच्या कोटाचा तट बघताना त्याची जाडी अंगावर येते. काही ठिकाणी ती साठ फुटांच्या घरात आहे आणि बाहेरचा खंदक त्याहून रुंद. तोफेचे गोळे गिळून टाकण्यासाठीच हा तट आहे.

रायगडापासून हजारएक किलोमीटर दूरच्या किल्ल्यावर एवढा खर्च कशासाठी? पैसा मिळवणं, तंजावरच्या सावत्र भावाकडचा, व्यंकोजीराजांकडचा, वाटा मागणं, विजापूरचा दक्षिणेतला मुलूख तोडणं, ही कारणं होतीच. पण एकदा किल्ले राखले की अडचणीच्या वेळी पाठ टेकायला जागा राहते, हा विचार त्यामागे होता असं मानायला पुढच्या घटना भाग पाडतात. महाराजांच्या मागे नऊ वर्षांतच ती वेळ आली.

१६८६ मध्ये विजापूर पडलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा. दक्षिणेतल्या दोन जुन्या शाह्या वर्षाच्या अंतरानं संपल्या आणि औरंगजेबाची सगळी फौज मराठ्यांवर वळायला मोकळी झाली. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वराला संभाजी महाराज पकडले गेले; ११ मार्चला त्यांना हाल करून मारण्यात आलं. तोवर रायगडाखाली इतिकादखानाची, म्हणजेच पुढच्या झुल्फिकारखानाची, फौज येऊन पोहोचत होती.

रायगडावर त्या वेळी संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई होत्या, त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाहू होता आणि संभाजी महाराजांचे एकोणीस वर्षांचे सावत्र भाऊ राजाराम होते. सगळे वारस एका गडावर अडकले तर एका दिवसात राज्य संपेल, हे येसूबाईंनी ओळखलं. राजारामांना राजा मानून त्यांनी गडाबाहेर काढलं आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. नवरा नुकताच मारला गेलेला, पोटचा मुलगा धोक्यात, आणि बाईनं निर्णय घेतला तो राज्याच्या बाजूनं. या साऱ्या प्रकरणात मला याहून मोठं काही दिसत नाही. त्यासाठी त्यांना आणि शाहूला पुढची कितीतरी वर्षं मोगलांच्या छावणीत कैदेत काढावी लागली.

५ एप्रिल १६८९ ला राजाराम महाराज रायगडावरून निसटले. प्रतापगड, मग पन्हाळा. पण पन्हाळ्यालाही वेढा पडला. सह्याद्रीतला कोणताही किल्ला आता सुरक्षित नव्हता. मग रामचंद्रपंत अमात्य, प्रल्हाद निराजी आणि इतर मंडळींनी ठरवलं की राजानं जिंजीला जायचं आणि महाराष्ट्रातला लढा रामचंद्रपंतांनी चालवायचा. २६ सप्टेंबरला राजाराम महाराज मोजक्या माणसांनिशी पन्हाळ्याबाहेर पडले.

हा प्रवास म्हणजे मराठी इतिहासातला एक अस्सल थरार आहे. केशव पंडितानं ‘राजारामचरितम्’ या संस्कृत काव्यात तो रंगवला आहे. लिंगायत यात्रेकरूंचा वेष, मागावर मोगल, तुंगभद्रेकाठी झालेली झटापट. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मा यांनी त्यांना आसरा दिला आणि पुढे सुखरूप जाऊ दिलं. त्याबद्दल औरंगजेबाचा रोष ओढवून घेतला, मोगली फौज अंगावर घेतली. कर्नाटकातल्या या राणीचं ऋण मराठी माणसानं विसरू नये. बखरी बंगळूरची एक गोष्ट सांगतात. धर्मशाळेत उतरलेल्या या यात्रेकरूंपैकी एकाचे पाय दुसरा धुतो आहे, हे पाहून कुणाला तरी शंका आली आणि ठाणेदाराकडे खबर गेली. महाराज थोड्या सोबत्यांसह रातोरात निघून गेले. त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ आणि बाकीचे मुद्दाम मागे राहिले, पकडले गेले, मार खाल्ला, पण आपण साधे यात्रेकरू आहोत हे शेवटपर्यंत सोडलं नाही. बखरीतले तपशील ताडून घ्यावे लागतात. तरी वाटेत टोळी फुटली आणि राजा वाचला, एवढं पक्कं.

ऑक्टोबरच्या अखेरीस महाराज वेलूरला पोहोचले आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिंजीला. तिथेही दार सहज उघडलं नाही. जिंजीचा कारभार संभाजी महाराजांचे मेहुणे हरजीराजे महाडिक पाहत असत आणि ते नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई, म्हणजे राजाराम महाराजांची सावत्र बहीण, किल्ला सोडायला तयार नव्हत्या. पण शिबंदीनं छत्रपतींची बाजू घेतली आणि पेच सुटला. जवळजवळ त्याच दिवसांत इकडे रायगड मोगलांच्या हाती गेला, येसूबाई आणि शाहू कैद झाले. एक राजधानी पडत होती, तेव्हाच दुसरी उभी राहत होती.

जिंजीत दरबार भरू लागला. अष्टप्रधान नेमले गेले. प्रल्हाद निराजींसाठी ‘प्रतिनिधी’ हे नवं पद निघालं. रामचंद्रपंतांना ‘हुकुमतपन्हा’ करून महाराष्ट्रात जवळजवळ राजाचे अधिकार दिले गेले आणि त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या दोन सेनानींनी दोन्ही प्रदेशांत धावपळ करून मोगलांना झोप घेऊ द्यायची नाही, असं ठरलं. पैशाची ओढ इतकी, की १६९० मध्ये कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला मराठ्यांनी इंग्रजांना विकला. बोलीत असं होतं की किल्ल्यावरून तोफ डागावी आणि गोळा जिथवर जाईल तिथवरचा मुलूख खरेदीदाराचा. इंग्रजांनी चहूदिशांना तोफा डागल्या. गोळ्यांच्या हद्दीतली ती गावं पुढे तोफगोळ्यांची गावं म्हणूनच ओळखली गेली. तोच फोर्ट सेंट डेव्हिड, जिथून पुढे इंग्रजांनी मद्रास प्रांताचं राजकारण खेळलं.

आणि तरीही १६९१ च्या एका सनदेत हा पैशाला महाग झालेला राजा हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपड्यांना इनामाचं वचन देतो, ते कसं? रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेतल्यावर इतकं इतकं, आणि सर्वांत मोठी रक्कम दिल्ली घेतल्यावर! स्वतः शत्रूच्या तोफांखाली बसून दिल्लीची बोली करणाऱ्या या माणसाला आपण ‘सौम्य, दुबळा’ म्हणून बाजूला टाकतो, हे मला पटत नाही.

झुल्फिकारखान १६९० च्या सप्टेंबरात जिंजीखाली पोहोचला. त्याला पहिलीच अडचण आली ती किल्ल्याच्या पसाऱ्याची. तीन डोंगर, मधला विस्तीर्ण कोट, आजूबाजूला रान आणि खडक. या सगळ्याला घट्ट वेढा घालण्याइतकी माणसं त्याच्याकडे कधीच नव्हती. रसद आत जात राहिली, माणसं बाहेर येत राहिली. त्यानं मदत मागितली. १६९१ मध्ये त्याचा बाप, वजीर असदखान, आणि औरंगजेबाचा धाकटा शहजादा कामबक्ष फौज घेऊन आले.

तिथल्या पावसाचं तंत्र आपल्याहून वेगळं. आपला जून-जुलै तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर. १६९२ च्या त्या पावसात मोगलांची छावणी पाण्यानं वेढली, धान्य महागलं, आणि नेमक्या त्याच वेळी संताजी आणि धनाजी महाराष्ट्रातून ताज्या दमाची फौज घेऊन उतरले. डिसेंबरात संताजींनी कांचीचा फौजदार अली मर्दानखान याला गाठून पकडलं. त्याला जिंजीला आणून मोठी खंडणी घेऊनच सोडलं. दुसरीकडे धनाजींनी वेढ्यातल्या इस्माईलखानाच्या ठाण्यावर झडप घालून त्यालाही कैद केलं. वेढा घालणारेच वेढ्यात सापडले.

मग छावणीत अफवा उठली की बादशहा मेला. कामबक्षानं राजारामांशी गुप्तपणे बोलणी सुरू केली होती. बाप मेल्यावर भावांशी होणाऱ्या लढाईत मराठ्यांची मदत हवी, हा त्याचा हिशोब. असदखान आणि झुल्फिकारला हे कळलं. त्यांनी मोठ्या तोफांच्या कान्यात खिळे ठोकून त्या निकामी केल्या, मोर्चे उठवले आणि बादशहाच्या मुलालाच कैद केलं. शेवटी मराठ्यांशी समझोता करून १६९३ च्या जानेवारीत ही बलाढ्य फौज वांदिवाशला माघारी गेली. वेढ्यात वर्षानुवर्षं राबलेला बुंदेला सरदार दलपतराव याच्या पदरी भीमसेन सक्सेना नावाचा कायस्थ लेखक होता. हे हाल त्यानं लिहून ठेवले आहेत. पाँडिचेरीतून फ्रेंच गव्हर्नर फ्रान्स्वा मार्तें याच घटना जवळून टिपत होता. दोघांची टिपणं शेजारी ठेवून वाचली की मोगल छावणीचा कणा कसा मोडत गेला, हे कळतं.

झुल्फिकार पुन्हा आला, पण त्यानंतरचा वेढा नावाला चालला. तंजावरकडून खंडणी घे, आसपासची ठाणी घे, पाऊस आला की मागे सरक. भीमसेननं तर सरळ लिहिलं आहे की खानानं मनात आणलं असतं तर किल्ला कधीच पडला असता. पण मोहीम लांबवणं हाच सेनापतींचा धंदा झाला आहे. वेढा चालू तोवर खजिना चालू, अधिकार चालू. शिवाय बादशहा ऐंशीच्या घरात; तो गेल्यावर दक्षिणेत आपलं काही असावं, ही झुल्फिकारची स्वप्नं. राजाराम महाराजांच्या दरबारानं ही फट ओळखली आणि तिचा पुरेपूर वापर केला. तलवारीइतकीच ही मुत्सद्देगिरीही जिंजी राखत होती.

इकडे मधल्या पट्ट्यात संताजी मोगलांची रसद आणि कुमक तोडत होते. १६९५ च्या नोव्हेंबरात चित्रदुर्गजवळ दोड्डेरीच्या गढीत त्यांनी कासिमखानाला असा कोंडला की खान तिथेच मेला आणि बाकीच्यांनी सगळं देऊन सुटका करून घेतली. जानेवारीत बसवापट्टणला हिंमतखान मारला गेला. मोगल सैन्यात संताजींच्या नावाची धास्ती बसली.

आणि याच शिखरावर असताना घरात आग लागली. संताजी कडक शिस्तीचे, बोलायला तिखट. धनाजी सबुरीचे, दरबाराला जवळचे. १६९६ मध्ये दोघांची प्रत्यक्ष लढाई झाली, तीही छत्रपतींसमोर. संताजी जिंकले, पण पकडलेल्या अमृतराव निंबाळकराला त्यांनी हत्तीच्या पायी दिलं. पुढे फौज त्यांना सोडून गेली आणि १६९७ च्या जूनमध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात नागोजी मान्यानं, अमृतरावाच्या बहिणीच्या नवऱ्यानं, त्यांना एकटं गाठून मारलं. राजाराम महाराजांनी या दोघांना एकत्र ठेवण्यात कसूर केली. जिंजीच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला ही नोंद सर्वांत मोठी आहे.

१६९७ संपत आलं तेव्हा औरंगजेबाचा धीर सुटला. झुल्फिकारला निर्वाणीचा हुकूम गेला. आता किल्ला घ्यावाच लागणार होता. पण राजा हाती लागावा अशी घाई खानालाही दिसत नव्हती. मराठी परंपरा सांगते की मोगलांच्या चाकरीतल्या गणोजी शिर्क्यांना वळवण्यासाठी खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन देऊन टाकलं आणि महाराज मोगली छावणीतूनच वाट काढत निसटले. ते वेलूरमार्गे फिरून १६९८ च्या सुरुवातीला विशाळगडाला पोहोचले. जानेवारी १६९८ च्या सुमारास जिंजी पडली. राजपरिवारातली काही माणसं मागे सापडली. झुल्फिकारनं आपल्या ‘नुसरत जंग’ या किताबावरून किल्ल्याचं नाव नुसरतगड ठेवलं.

राजगिरी चढताना या सगळ्याचा अर्थ पायांना कळतो. खालच्या कोटातून वर हजाराहून जास्त पायऱ्या आहेत, ग्रॅनाइटच्या, पावलांनी गुळगुळीत झालेल्या. एकामागून एक दरवाजे येतात. प्रत्येक दरवाजा अशा वळणावर की आत शिरणाऱ्याला पाठ कुठे तरी उघडी टाकावीच लागते. माथ्याच्या जरा अलीकडे कमलकण्णी अम्मनचं देऊळ लागतं. आणि मग शेवटी जे येतं, त्यापुढे माणूस थबकतो. डोंगर उभा चिरलेला आहे. सुमारे आठ मीटर रुंद आणि वीसएक मीटर खोल घळ, पलीकडे सरळ दगडी भिंत आणि तिच्यात दार. पूर्वी इथे काढता-घालता येणारा पूल होता, आज लाकडी पूल आहे. तो पूल उचलला की वरची मोजकी माणसंही कितीतरी काळ टिकाव धरू शकत. माथ्यावर रंगनाथाचं छोटं देऊळ, धान्यकोठार, ध्वजाचा बुरूज, आणि वाऱ्याच्या झोतात चारी दिशांचं सपाट रान. सुमारे अडीचशे मीटर उंचीवरून मोगलांच्या छावणीतली चूलसुद्धा दिसत असेल.

खाली आल्यावर कल्याण महालाचा मजल्यावर मजले चढवलेला, पिरॅमिडसारख्या शिखराचा मनोरा नीट पाहावा. वरच्या मजल्यापर्यंत मातीच्या नळांनी पाणी खेळवलेलं होतं. चक्रकुळम आणि चेट्टिकुळम हे तलाव, हत्तींचं तळं, व्यायामशाळा, कोठारं बघितली की एवढी शिबंदी इतकी वर्षं कशी पोसली गेली, हे समजतं. पाणी आणि धान्य यांच्या बाजूनं जिंजी कधीच हरली नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा. मोगलांनी किल्ला स्वरूपसिंग बुंदेल्याला दिला. त्याचा तरुण मुलगा तेजसिंग, तमिळ लोकांचा देसिंग राजा, अर्काटच्या सादतउल्लाखानाला खंडणी नाकारून १७१४ मध्ये लढता लढता मेला आणि लोककथांत अमर झाला. खानानं विजयानंतर बांधलेली मशीद खालच्या कोटात आहे. १७५० मध्ये बुसीच्या फ्रेंचांनी एका रात्रीत जिंजी घेतली. १७६१ मध्ये ती इंग्रजांकडे आली, १७८० मध्ये काही काळ हैदर अलीकडे. आणि मग लढायांचं ठिकाण म्हणून तिचं महत्त्व संपलं. जो किल्ला मोगलांना सात वर्षांहून अधिक काळ घेता आला नाही, तो फ्रेंचांनी एका रात्रीत घेतला. तटांची ताकद ही शेवटी आतल्या माणसांची ताकद असते, आणि १७५० मध्ये आत संताजी-धनाजी नव्हते.

या आठ वर्षांनी नेमकं काय साधलं? १६८९ मध्ये मराठी राज्य खरोखरच संपण्याच्या बेतात होतं. राजधानी गेली, राजा मारला गेला, वारस कैदेत, आणि देशमुखांना औरंगजेब वतनाची लालूच दाखवत होता. जिंजीनं युद्ध एका जागेवरून दोन जागांवर नेलं. सह्याद्री आणि पूर्व किनारा यांच्यामध्ये मोगलांची रसद हजार किलोमीटर ताणली गेली आणि त्या ताणलेल्या दोरीवर मराठ्यांनी पाहिजे तिथे घाव घातले. राजा जिवंत आहे, दरबार भरतो आहे, सनदा निघत आहेत, या एका गोष्टीनं गावोगावच्या मराठ्यांना लढायला कारण दिलं. १६९९ च्या सुमारास कृष्णा सावंत मराठी फौजेनिशी नर्मदा ओलांडून माळव्यात शिरला. राजाराम महाराज १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले, तरी लढा थांबला नाही. त्यांच्या पत्नी ताराबाईंनी तो पुढे नेला, आणि १७०७ मध्ये औरंगजेबच दक्षिणेच्या मातीत संपला.

किंमतही मोजावी लागली. शिवाजी महाराजांनी वतनं आणि जहागिऱ्यांना आळा घातला होता. जिंजीच्या काळात तो सुटला. बादशहा वतन देतो म्हटल्यावर छत्रपतींनाही द्यावं लागलं. जो मुलूख जिंकशील तो तुझा सरंजाम, या बोलीवर सरदार लढू लागले. ही माणसं लढली म्हणून राज्य राहिलं, हे खरं. पण अठराव्या शतकात होळकर, शिंदे, भोसले, गायकवाड आपापल्या मुलखाचे धनी झाले आणि सातारचा छत्रपती नावाचा उरला, त्याची मुळंही याच वर्षांत आहेत. १६९० च्या परिस्थितीत दुसरा मार्ग होता असं मला वाटत नाही.

जिंजीला जायचं तर एक दिवस किल्ल्याला आणि एक दिवस आसपासच्या प्रदेशाला द्यावा. थोड्या अंतरावर सिंगवरमला एका कातळाच्या पोटात पल्लवकालीन शेषशायी रंगनाथ कोरलेला आहे. जवळच तिरुनाथरकुन्रूच्या शिळेवर चोवीस तीर्थंकर दोन रांगांत बसले आहेत, आणि एका जैन मुनीनं ५७ दिवस उपोषण करून देह ठेवल्याचा फार जुना तमिळ लेख आहे. मेल सित्तामूरला तमिळ जैनांचा मठ आहे. मंडगपट्टूचं गुहामंदिर छोटं दिसतं. पण सातव्या शतकाच्या सुरुवातीचा पल्लव राजा महेंद्रवर्मन तिथल्या लेखात अभिमानानं सांगतो की विटा, लाकूड, धातू, चुना काहीही न वापरता त्यानं हे देऊळ उभं केलं आहे. मेलमलयनूरच्या अंगाळम्मनला अमावास्येला मोठी गर्दी होते. पुदुच्चेरीच्या समुद्रकिनाऱ्यावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती जे उंच कोरीव ग्रॅनाइटचे खांब आहेत, ते फ्रेंचांनी जिंजीतून नेलेले आहेत. ते पाहताना कुठून आले, हे आठवावं. आणखी दक्षिणेला गेलात तर तंजावर आहेच, बृहदीश्वराच्या भिंतीवरच्या भोसल्यांच्या मराठी शिलालेखासह.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. दरवर्षी हजारो मराठी माणसं रामेश्वर, तिरुपती, तिरुवण्णामलैला जातात. तिरुवण्णामलैहून जिंजी चाळीसएक किलोमीटरवर आहे, गाडीनं तासाभराच्या आत. पुढच्या यात्रेत तो तास काढा. ऊन चढायच्या आत, दार उघडताच राजगिरीला लागा, पाणी सोबत घ्या, माकडांपासून खाऊ सांभाळा, आणि मुलांना वर नेऊन त्या पुलावर उभं करून सांगा की आपला छत्रपती इथे आठ वर्षं राहिला.